कुत्र्याच्या भातावर सूप: काय ठरलंय, काय ठरायचंय

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागून पळस्पे फाटा आणि शिरढोण मागे टाकलं की कर्नाळ्याचा सुळका समोर उभा राहतो. अभयारण्य जेमतेम बारा चौरस किलोमीटरचं. भोवतीच्या पट्ट्यात मात्र कुत्र्यांची तीन जगं शेजारी शेजारी नांदतात. वाड्या-पाड्यांतले गावठी कुत्रे आहेत, ते घरातलं उरलंसुरलं खातात. फार्महाऊसवर शनिवारी मोटारीतून उतरणारे लॅब आणि गोल्डन रिट्रीव्हर आहेत, त्यांचं खाणं पिशवीतून मोजून येतं. आणि पनवेलच्या नव्या इमारतींत सातव्या-आठव्या मजल्यावर वाढणारी पिल्लं आहेत, त्यांच्या पालकांना रोज कुणी ना कुणी नवा सल्ला देत असतं. सध्या जोरात असलेला सल्ला सुपाचा आहे. हाडांचं सूप द्या, केस चमकतात, सांधे मोकळे होतात, पोट सुधारतं असं एक म्हणतो. दुसरा सांगतो, अजिबात देऊ नका, मूत्रपिंडं जातील. चिकनच्या दुकानात ‘डॉगसाठी’ म्हटलं की पंजे, माना आणि पाठीचे सांगाडे स्वस्तात मिळतात, त्यामुळे प्रयोग करून बघायला कुणाची आडकाठी नाही.

या वादात कोण काय म्हणतं, त्याला आधार काय, आणि कुठल्या गोष्टी अजून अधांतरी आहेत, ते इथे क्रमानं मांडायचा प्रयत्न आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: सुपाचा गुण-दोष हाडांत फारसा नाही, तो भांड्यात आणखी काय पडलं त्यात आहे.

कुठलं सूप?

वादातला निम्मा गोंधळ इथेच होतो, कारण पाच वेगळ्या वस्तूंना आपण एकच नाव देतो. मांसाचे तुकडे तास-दीड तास उकळून निघतं ते चिकनचं किंवा मटणाचं पाणी. हाडं, खूर, पंजे आठ-दहा तास मंद आचेवर ठेवून किंवा कुकरला लावून काढतात ते हाडांचं सूप, म्हणजे हल्ली ज्याला बोन ब्रॉथ म्हणतात ते. तिसरं, घरच्या मटणाच्या पातेल्यातलं आळणी. चौथं, बाजारातला क्यूब किंवा पाकीट. आणि पाचवं, शाकाहारी घरातलं डाळीचं किंवा भाज्यांचं पाणी.

कुत्र्याच्या वाट्याला बहुतेक वेळा तिसरंच येतं. रविवारी मटण शिजतं तेव्हा आधी तेलावर कांदा परततात, त्यावर आलं-लसणाचं वाटण, हळद, मीठ, मग मटण आणि आधणाचं पाणी. तिखट पडायच्या आधी त्यातलं थोडं वाटीत काढून लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना देतात. त्याच वाटीतलं दोन डाव कुत्र्याच्या भातावर जातं. देणाऱ्याची समजूत अशी की तिखट नाही, मसाला नाही, म्हणजे बाधणार नाही. ती समजूत चुकीची आहे, आणि का ते पुढे येईलच.

मागचा इतिहास

मांसाचा रस अशक्त माणसाला द्यावा ही कल्पना आपल्याकडे फार जुनी. चरकसंहितेत मांसरसाला बळ देणारा म्हटलं आहे, आणि आजारातून उठलेल्याला पायाचं सूप पाजायचा रिवाज आजही घरोघर आहे. कुत्र्याच्या सुपाची भलामण करणाऱ्यांची भिस्त बरीचशी या परंपरेवर असते.

युरोपातला इतिहास जास्त बोधक आहे, कारण तिथे या प्रश्नाचं उत्तर शोधायला थेट कुत्र्यांचाच वापर झाला. डेनी पापाँ यानं १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक घट्ट झाकणाचं भांडं दाखवलं. आपल्या प्रेशर कुकरचा हा पूर्वज. कडक हाडंसुद्धा त्यात मऊ पडून त्यांची जेली होत असे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये हाडांतून जिलेटिन काढून त्याचं सूप इस्पितळांतल्या गरिबांना द्यायची योजना चालली. हाडं फुकटात, सूप पौष्टिक, असा हिशोब. तक्रारी वाढल्या तेव्हा फ्रेंच विज्ञान अकादमीनं आयोग नेमला आणि फ्रान्स्वा माजाँदी या शरीरशास्त्रज्ञानं १८४१ मध्ये त्याचा अहवाल मांडला. कुत्र्यांना नुसत्या जिलेटिनवर ठेवून पाहिलं होतं. ते त्यावर जगू शकले नाहीत. कारण पुढे उलगडलं: जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल नसतंच, आणि ते आम्ल वेगळं काढलं गेलं १९०१ साली. म्हणजे सुपाची जेली कितीही घट्ट बसली तरी ती पूर्ण प्रथिन नव्हे, हे कुत्र्यांच्याच जिवावर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कळलेलं आहे. आजच्या जाहिराती वाचताना ते आठवत नाही, एवढंच.

१८६०च्या दशकात लंडनमध्ये जेम्स स्प्रॅटनं कुत्र्याची बिस्किटं विकायला सुरुवात केली आणि तयार खाद्याचा धंदा उभा राहिला. आपल्याकडे तो शहरांबाहेर पोचला तो अगदी अलीकडे. तोवर, आणि खेड्यांत आजही, कुत्रा भाकरीवरच जगला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर अबी वनक आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी मोकाट कुत्रे आणि खोकड यांच्या खाण्याचा तुलनात्मक अभ्यास केला. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात कुत्र्यांचं खाणं मुख्यतः माणसाकडून आलेलं निघालं. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या एका गटानं नेचर नियतकालिकात दाखवलं की लांडग्याच्या तुलनेत कुत्र्याच्या जनुकांत पिष्ट पचवणाऱ्या अमायलेझच्या प्रती कितीतरी जास्त आहेत. भात-भाकरी कुत्र्याला पचतच नाही, हा आजचा एक आवडता दावा त्यामुळे टिकत नाही. भात पचतो. प्रश्न भातासोबत काय जातं हा आहे.

सुपात असतं काय

मुख्यतः पाणी. त्यात थोडं जिलेटिन, थोडी अमिनो आम्लं, चरबी आणि वास. चरबी काढलेल्या साध्या सुपात १०० मिलिलीटरमागे फार तर १०-१५ किलोकॅलरी निघतात.

कॅल्शियमचा दावा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात कच्चा. हाडं उकळली म्हणजे कॅल्शियम पाण्यात उतरणार, हे मनाला पटतं खरं. पण १९३४ सालीच मकॅन्स आणि सहकाऱ्यांनी हाडांच्या आणि भाज्यांच्या सुपांचं पृथक्करण करून पाहिलं होतं, आणि हाडांच्या पाण्यात खनिजं फारशी उतरत नाहीत असं त्यांना आढळलं. २०१७ मध्ये तैवानच्या संशोधकांनी हाच प्रश्न पुन्हा तपासला. आंबट घातल्यानं आणि जास्त वेळ उकळल्यानं कॅल्शियम-मॅग्नेशियम वाढतं, पण माणसाला एका वेळी वाढलेल्या सुपात ते दिवसाच्या गरजेच्या ५ टक्क्यांपलीकडे जात नाही, असा त्यांचा निष्कर्ष. चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबू घालायच्या सल्ल्यात तथ्य आहे, पण तेवढंच.

हे पिल्लांच्या बाबतीत फार महत्त्वाचं ठरतं. सूप-भातावर वाढवलेल्या पिल्लाला मांसातून फॉस्फरस मिळतो आणि कॅल्शियम मात्र मिळत नाही. शरीर मग हाडांतलं कॅल्शियम ओढायला लागतं. पाय वाकडे होतात, उडी मारताना हाड मोडतं. ‘हाडांचं सूप देतोय ना, मग कॅल्शियमची काय कमी?’ या भरवशावर मोठ्या जातीचं पिल्लू वाढवणं म्हणजे त्याचं नुकसान करणं आहे. एवढं मी निःशंकपणे लिहितो.

मग सुपाचा उपयोग काय? दोन गोष्टी नक्की आहेत. पाणी पोटात जातं, आणि वासामुळे खाणं आवडीचं होतं. म्हातारा कुत्रा, तापातून उठलेला कुत्रा, दात दुखणारा कुत्रा कोरडे दाणे हुंगून बाजूला होतो. त्याच दाण्यांवर कोमट सूप ओतलं की तो खायला लागतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात पाण्याकडे न फिरकणाऱ्या कुत्र्याच्या पोटात याच वाटेनं पाणी जातं. हा फायदा छोटा वाटेल, पण आजारी जनावराच्या घरात तो छोटा नसतो.

कोण काय म्हणतं

घरगुती खाण्याच्या बाजूचे म्हणतात की कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या चुलीशी वाढला, पिशवीतले दाणे कालचे. ताज्या अन्नात काय पडलं ते आपल्याला माहीत असतं, पिशवीत काय ते माहीत नसतं. यातला दुसरा मुद्दा वजनदार आहे. पण घरगुती पाककृतींची तपासणी झाली तेव्हा चित्र चांगलं दिसलं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी पुस्तकं आणि संकेतस्थळांवरच्या कुत्र्यांसाठीच्या २०० पाककृती तपासल्या. २०१३ मध्ये निघालेल्या त्या निबंधानुसार ९५ टक्के पाककृतींत किमान एक अत्यावश्यक पोषकद्रव्य कमी पडत होतं. त्यांतल्या काही पाककृती पशुवैद्यांनी लिहिलेल्या होत्या.

पोषणतज्ज्ञ पशुवैद्यांची भूमिका साधारण अशी: रोजच्या उष्मांकांपैकी ९० टक्के संतुलित खाण्यातून यावेत, वरचं, चवीचं, बक्षिसाचं सगळं मिळून १० टक्क्यांत बसावं. सूप या १० टक्क्यांतलं. ते जेवणावर घालावं, जेवणाच्या जागी देऊ नये.

कच्चं मांस खाऊ घालणारे सुपाकडे वेगळ्या नजरेनं बघतात. उकळलं की सत्त्व गेलं, असं त्यांचं म्हणणं. तरी पोट बिघडलेल्या कुत्र्यासाठी तेही सूप वापरतात. अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेनं २०१२ मध्ये कच्च्या मांसाविरुद्ध भूमिका घेतली ती साल्मोनेलासारख्या जंतूंमुळे. सुपाला उकळीचा फायदा आहे, हे या वादात त्याच्या बाजूनं पडतं.

आणि शाकाहारी घरं. पनवेलमध्ये अशी घरं पुष्कळ आहेत आणि त्यांतही कुत्रे आहेत. त्यांचा प्रश्न असतो, डाळीचं पाणी चालेल का? फोडणी आणि मीठ घालायच्या आधी काढलेलं वरणाचं पाणी, दुधी-गाजर-लाल भोपळ्याचं पाणी, भाताची पेज, हे सगळं चालतं. प्रथिनाची भर त्यातून नगण्य, पण ती हाडांच्या सुपातूनही फारशी पडत नाही. ज्या घरात कांदा-लसूण शिजतच नाही तिथल्या कुत्र्याचा एक मोठा धोका तर आपोआपच टळतो.

कांदा आणि लसूण

या प्रश्नाचा गाभा हा आहे. कांद्यानं कुत्र्याला पंडुरोग होतो, हे अमेरिकेत सेब्रेल यानं १९३० सालीच लिहून ठेवलं आहे. कांदा, लसूण, पात, लीक या सगळ्या एकाच कुळातल्या वनस्पती. त्यांतली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन बिघडवतात. पेशीत गुठळ्या दिसू लागतात, त्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात, आणि मग पेशी फुटतात. परिणाम लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी काळपट-तांबडी होते. शिजवल्यानं हा दोष जात नाही, वाळवल्यानं जात नाही. संयुगं पाण्यात उतरतात, त्यामुळे कांद्याच्या फोडी गाळून काढल्या तरी रस्सा निर्दोष होत नाही.

किती कांदा घातक? इथे तज्ज्ञांचे आकडेच एकमेकांशी जुळत नाहीत. पशुवैद्यकीय ग्रंथांत एक आकडा येतो तो वजनाच्या ०.५ टक्क्याचा: एका वेळी त्याहून जास्त कांदा पोटात गेला तर विषबाधा ठरलेली. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला ५० ग्रॅम, एक लहान कांदा. त्याच ग्रंथांत दुसरा आकडा असतो किलोमागे १५ ते ३० ग्रॅमचा, म्हणजे त्याच कुत्र्याला १५० ते ३०० ग्रॅम. दोन्हींत तीन ते सहा पटींचं अंतर आहे. अकिता आणि शिबा या जपानी जातींच्या तांबड्या पेशी जास्त नाजूक असतात, एवढा जातीचा फरक माहीत आहे. गावठी कुत्र्याच्या सोसण्याबद्दल मात्र छातीठोकपणे बोलणारे बहुतेक जण फक्त अनुभवावर बोलतात.

तो अनुभव साधा हिशोब करून तपासता येतो. समजा दोन लिटरच्या पातेल्यात चार कांदे, म्हणजे ४०० ग्रॅम. सगळं सारखं मिसळलं असं धरलं तर दीडशे मिलिलीटरच्या वाटीत ३० ग्रॅम कांद्याचा अंश येतो. अठरा-वीस किलोच्या गावठी कुत्र्याची ०.५ टक्क्याची मर्यादा ९०-१०० ग्रॅमची. त्याला एका वाटीनं काही झालेलं दिसत नाही, आणि घरातले म्हणतात, ‘आमचा मोत्या आयुष्यभर रस्साच खातोय.’ खरंच खातोय. पण तीच वाटी पाच किलोच्या पॉमेरेनियनला दिली तर त्याची मर्यादा आहे २५ ग्रॅम. मोत्याचा दाखला त्याला लागू नाही. शिवाय रोज थोडं थोडं गेलं तर काय, हा प्रश्न मोत्याच्या बाबतीतही उरतोच: फुटलेल्या पेशींची भरपाई शरीर करत राहतं, म्हणून बाहेरून दिसत नाही.

लसणाचा वाद आणखी बारीक आहे. लसूण दिला की गोचीड लागत नाहीत, असं मानणारे बरेच आहेत, आणि पावसाळ्यानंतर या पट्ट्यात गोचीड किती माजतात ते इथे कुत्रा पाळणाऱ्याला सांगायला नको. जपानमध्ये होक्काइदोच्या संशोधकांनी २००० साली चार कुत्र्यांना सात दिवस किलोमागे ५ ग्रॅम लसणाइतका अर्क दिला. रक्त उतरलं, पेशी विकृत झाल्या, पण कुत्रे उघड आजारी पडले नाहीत. १० किलोच्या कुत्र्याला हे रोजचे ५० ग्रॅम, म्हणजे एक अख्खा मोठा गड्डा. लसणाचे समर्थक म्हणतात, बघा, एवढा देऊनही मेले नाहीत, मग एका पाकळीनं काय होणार? विरोधक म्हणतात, सात दिवसांत एवढी खराबी, तर वर्षभर रोज दिला तर काय? दोघंही एकाच निबंधाचा आधार घेतात. त्या निबंधाच्या लेखकांचा कल लसूण देऊ नये याकडे आहे.

मला इथे एक स्थानिक कारण जास्त वजनाचं वाटतं. गोचिडांमुळे होणारे एर्लिकिया आणि बबेसिया हे आजार महाराष्ट्रात सर्रास आढळतात, आणि त्यांत दिसतं तेच: मलूलपणा, पांढऱ्या हिरड्या, बबेसियात काळपट लघवी. आधीच तांबड्या पेशी गमावत असलेल्या कुत्र्याला लसणाचं सूप दिलं तर दोन कारणं एकमेकांत मिसळतात, आणि तपासणाऱ्याला निदान करणं कठीण जातं. गोचिडांवर खात्रीचं औषध मिळत असताना हा धोका पत्करण्यात अर्थ नाही. आणि कुत्र्याच्या हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावं की याच्या पोटात कांदा-लसूण गेला आहे की नाही.

मीठ, चरबी, हाड

मिठाबद्दल घबराट जरा जास्त आहे आणि काळजी कमी. निरोगी कुत्र्याला मिठाची जीवघेणी मात्रा किलोमागे सुमारे ४ ग्रॅम धरतात. १० किलोच्या कुत्र्याला ४० ग्रॅम. सुपातून एवढं मीठ जात नाही. पण गरजेच्या बाजूनं पाहिलं तर दिवसाला साधारण १२५ मिलिग्रॅम सोडियम त्याला पुरतं. दीड लिटर रश्श्यात दोन चहाचे चमचे मीठ घातलं असेल तर त्याच्या १०० मिलिलीटरमध्ये ३०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम निघतं. ताजं पाणी पिणारा धडधाकट कुत्रा हे बाहेर टाकून देतो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला ते महागात पडतं. बाजारच्या क्यूबचा विचारच नको: त्यात निम्म्याच्या आसपास मीठ असतं, आणि बहुतेकांत कांद्याची पूडही. खारवलेल्या मासळीचं पाणीही त्याच कारणानं बाद. ताज्या मासळीचं बिनमिठाचं पाणी चालतं, मात्र काटे एकूण एक काढलेलं हवं.

चरबीचा धोका लोकांच्या लक्षात येत नाही. एक मोठा चमचा चरबी म्हणजे सव्वाशे किलोकॅलरी. १० किलोच्या, घरात वावरणाऱ्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला सहाशेच्या थोड्या वर लागतात, म्हणजे त्याची १० टक्क्यांची सूट साठेकची. एका चमच्यानं ती दुप्पट ओलांडली जाते. लॅबच्या मालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडोरमध्ये भूक आवरणाऱ्या पीओएमसी या जनुकाचा तुकडा गळालेला असतो. अशा कुत्र्याची भूक भागतच नाही, आणि आपल्याला वाटतं सूप फारच आवडलं. शिवाय एकदम जास्त चरबी गेल्यावर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. उलट्या, पोट धरून बसणं, कधी कधी इस्पितळ. मिनिएचर श्नॉझरसारख्या काही जातींत हे जास्त आढळतं.

हाडांचं उत्तर सोपं आहे: सूप द्या, हाड देऊ नका. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात आणि त्या घशात, आतड्यात रुततात. कुकरमध्ये बोटानं चुरडण्याइतकं मऊ केलेलं हाड चालतं असं काही जण म्हणतात. त्यानंही बद्धकोष्ठ होऊ शकतं आणि एखादा कडक तुकडा आत राहून जातो. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की इथल्या शेतांवर पोपटी लागते. भांबुर्ड्याच्या पाल्यात शेंगांसोबत कोंबडी भाजली जाते आणि रात्री हाडं तिथेच पडतात. फार्महाऊसवर आणलेल्या शहरी कुत्र्याला त्या रात्री मोकळं सोडू नये. त्याला वर्षभर मोजलेलं खाणं असतं आणि उकिरड्याची सवय नसते.

भांड्यापासून ताटलीपर्यंत

यावर मात्र जवळपास सगळ्यांचं एकमत आहे. कुत्र्याचं भांडं वेगळं चढवावं. पंजे किंवा माना स्वच्छ धुऊन, बुडतील एवढं पाणी, हवं तर गाजर किंवा लाल भोपळ्याची फोड. मीठ नाही, कांदा-लसूण नाही, गरम मसाला नाही, जायफळ तर नाहीच. चिमूटभर हळद चालते. कुकरला पाऊण-एक तास पुरतो. बारीक गाळणीतून गाळून घ्यावं, कारण पंज्यांची लहान हाडं सुटून तळाला बसतात. मग भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववावं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावं. सकाळी वर पिवळट चरबीचा थर घट्ट बसलेला असतो. तो उलथण्यानं अख्खा निघतो. खाली खरवसासारखं थलथलतं ते द्यायचं.

फ्रिजमध्ये ते तीन-चार दिवस टिकतं. बर्फाच्या साच्यात गोठवलं तर दोन-तीन महिने, आणि रोज एक-दोन खडे काढून वापरता येतात. बाहेर ठेवायचं झालं तर दोन तासांच्या वर नाही. कोकणातल्या दमट हवेत प्रथिनाचं पाणी जंतूंना आयतंच मिळतं, आणि पुन्हा उकळल्यानं जंतू मेले तरी काहींनी सोडलेलं विष तसंच राहतं. सूप कालवलेल्या भातालाही हाच नियम. सकाळी कालवलेला भात संध्याकाळपर्यंत ताटलीत राहू देऊ नये.

किती द्यावं याचं सर्वमान्य माप नाही. १० किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला पाव ते अर्धी वाटी, जेवणावर, कोमट, हे मला सावध वाटतं. सुरुवात चहाच्या एक-दोन चमच्यांनी करावी आणि दोन-तीन दिवस शी कशी होते ते बघावं. कोंबडीचं वावडं असलेल्या कुत्र्याला कोंबडीचं सूपही बाधतं. गाळल्यानं प्रथिन जात नाही. मूत्रपिंडाचा, यकृताचा, हृदयाचा रोगी, कधीही स्वादुपिंडाची सूज येऊन गेलेला, आणि युरेटचे खडे होणारा डाल्मेशियन, यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही नको. मांस आणि काळीज उकळलेल्या पाण्यात प्युरीन असतात, ते डाल्मेशियनला नेमके नकोत. उलट्या चालू असताना सूप पाजत बसणं हाही उपचार नव्हे. पार्व्हो झालेल्या पिल्लाला सलाइन लागतं, आणि घरगुती सुपात गेलेला एक दिवस त्याच्या जिवावर बेततो.

जे अजून सुटलेलं नाही

सांध्यांचा प्रश्न पहिला. कुत्र्यांच्या सांधेदुखीवर कोलॅजनच्या गोळ्या-पुडींचे अभ्यास झाले आहेत, काहींत थोडा गुण दिसला आहे. पण त्यांत कोलॅजन ठराविक प्रकारचं, मोजलेलं असतं. घरच्या सुपात ते किती उतरतं याचा भरवसा नाही. २०१९ मध्ये माणसांच्या क्रीडापोषणाच्या अंगानं ऑस्ट्रेलियन संशोधकांनी वेगवेगळी सुपं तपासली तेव्हा अमिनो आम्लांचं प्रमाण भांड्याभांड्याला बदलताना दिसलं. पुडीचा पुरावा सुपाला लावता येत नाही. सुपानं म्हातारा कुत्रा जिना चढायला लागला असं सांगणाऱ्यांना खोटं ठरवायचं कारण नाही, पण वजन घटलं, ऊन मिळालं, औषध लागू पडलं, यातलं नेमकं काय घडलं ते सांगता येत नाही.

दुसरा प्रश्न शिशाचा. शिसं हाडांत साठतं. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एका छोट्या तपासणीत कोंबडीच्या हाडांच्या सुपात लिटरला सुमारे ७ मायक्रोग्रॅम शिसं मिळालं. त्याच नळाच्या पाण्यात ते एकाच्या आत होतं. बातमी गाजली. पण पिण्याच्या पाण्याची आपल्याकडची मर्यादा १० मायक्रोग्रॅमची आहे, आणि तैवानच्या २०१७च्या अभ्यासात धोका नगण्य ठरला. पाव वाटीच्या हिशोबात घाबरण्यासारखं काही दिसत नाही. तरी रोज, वर्षानुवर्षं, लहान जातीच्या कुत्र्याला भरपूर सूप, अशा परिस्थितीचं उत्तर या दोन अभ्यासांतून मिळत नाही.

तिसरा प्रश्न कांद्या-लसणाच्या रोजच्या अल्प मात्रेचा, तो वर आलाच. गावोगाव रस्सा-भाकरीवर जगणाऱ्या आणि सोबत गोचिडांचे ताप सोसणाऱ्या कुत्र्यांच्या रक्ताची पद्धतशीर पाहणी केली तर याचा उलगडा होईल. परळला १८८६ पासून चालत आलेलं मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शिरवळचं आहे, नागपूरचं विद्यापीठ आहे. हा प्रश्न इथल्या चुलीचा आहे, आणि त्याचं उत्तर होक्काइदोहून किंवा डेव्हिसहून येणार नाही.

चौथा प्रश्न घराबाहेरचा, आणि कर्नाळ्याला तो टाळता येत नाही. फार्महाऊसवरचा उरलेला रस्सा, हॉटेलांचं उरलंसुरलं आणि भूतदयेनं आणलेला सूप-भात हे सगळं अभयारण्याच्या कडेला ओतलं जातं. त्यावर जगणारे कुत्रे तिथेच थांबत नाहीत, जंगलात शिरतात. जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि भेकरासारखी जनावरं त्यांच्या वाटेत येतात. नान्नजच्या खोकडांवरचा अभ्यास सांगतो की कुत्रे जिथे वावरतात ती जागा खोकड टाळतात. शिवाय डिस्टेंपर आणि रेबीज कुत्र्यांकडून जंगली प्राण्यांकडे जाऊ शकतात. दुसऱ्या बाजूनं, ज्या कुत्र्याला माणसानंच खाण्याची सवय लावली त्याचं खाणं एका दिवसात तोडलं तर तो शिकारीकडेच वळेल, असं प्राणिमित्रांचं म्हणणं आहे आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत खाऊ घालण्याच्या जागा ठरवायची तरतूद आहे, पण ती वस्तीतल्या इमारती आणि गल्ल्या डोळ्यांपुढे ठेवून केलेली. जंगलाच्या कडेवर अशी जागा कुठे असावी, ती वनखात्यानं ठरवायची की ग्रामपंचायतीनं, तिथे येणाऱ्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण कुणाच्या खर्चानं करायचं, यावर एकमत नाही. तोवर फार्महाऊसवाल्यांच्या हातात आहे ते एवढंच: कुत्र्याला कुंपणाच्या आत जेवू घालावं, तो खाऊन होईपर्यंत जवळ थांबावं, आणि उरलेलं उचलून कुंपणाच्या आतच खड्ड्यात पुरावं.